‘ऐनवेळी’ हा शब्द चुकला

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडमधल्या एका खून खटल्याची चौकट आपल्या अंकात वाचली. मथळा होता, ‘आरोपीने ऐनवेळी दुसऱ्यावर खापर फोडले’. खापर फोडले असेल. ‘ऐनवेळी’ मात्र खटकले. तिथे असे ऐनवेळी सहजासहजी फोडता येत नाही.

मी एका सत्र न्यायालयात एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून साक्षी टंकण्यात गेली. मुलगी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला असते. तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा नातवाला शाळेत सोडून मी सॉल्टमार्केटच्या हायकोर्टात जाऊन बसायचो. आत ऊब असते, तिकीट नाही, आणि जुनी खोड! पंधरा नागरिकांची ज्युरी बसली. वाटले, आता सरकारी वकील उठून लांबलचक प्रास्ताविक करणार. पण तिकडे तशी पद्धतच नाही. क्लार्क उठला, त्याने आरोपपत्र वाचले आणि मग दुसरा कागद हातात घेतला. आरोपी गुन्हा नाकबूल करतो आणि विशेष बचाव म्हणून सांगतो की, त्या तारखेला, त्या वेळी तो बहिणीच्या घरी होता. पुढे घराचा पत्ता. पहिला साक्षीदार पिंजऱ्यात यायच्या आधीच बचाव पक्षाचे पान उघडे. मी सरसावून बसलो.

याला तिकडे ‘स्पेशल डिफेन्स’ म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार असे, ‘मी दुसरीकडे होतो’, ‘स्वसंरक्षणासाठी मारले’, ‘मन ठिकाणावर नव्हते’ आणि चौथा, ज्यावरून हे पत्र, तो ‘इन्क्रिमिनेशन’: गुन्हा मी नाही, अमक्याने केला. 1995 च्या त्यांच्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचे कलम 78 सांगते की, असा बचाव घ्यायचा तर लेखी नोटीस द्या. हायकोर्टाच्या खटल्यात प्राथमिक सुनावणीच्या किमान सात दिवस आधी. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून परवानगी घ्यावी लागते. ज्याच्याकडे बोट दाखवायचे त्याचे नाव माहीत असेल तर तेही त्यात लिहावे लागते. मग पोलीस त्या माणसाकडे जाऊन खरेखोटे करू शकतात. स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावरच्या विमान स्फोटात 270 माणसे गेली. तो खटलाही नेदरलँड्समध्ये, पण स्कॉटिश कायद्याने चालला. त्यातल्या दोन्ही लिबियन आरोपींनी अशीच नोटीस देऊन पॅलेस्टिनी गटांच्या लोकांकडे बोट दाखवले होते.

आपल्याकडे काय होते? उलटतपासात वकील हळूच एक वाक्य सोडतात आणि साक्षीदार ते नाकारतो. मी टंकतो: ‘हे म्हणणे खरे नाही की, मयतास त्याच्या मेव्हण्याने मारले.’ झाले! मेव्हणा बिचारा बाहेर चहाच्या टपरीवर. एका खटल्यात तर त्या मेव्हण्याला ही गोष्ट संध्याकाळी एसटीत गावकऱ्यांकडून कळली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन विचारत होता, ‘साहेब, माझं नाव कुठल्या कागदावर आलंय?’ मी त्याला काय दाखवणार? एक नाकारलेले वाक्य.

म्हणून तिकडचे सगळे चांगले असेही नाही. 2018 साली ब्यूट बेटावर सहा वर्षांच्या मुलीचा खून झाला. आरोपी सोळा वर्षांचा. त्याने रीतसर नोटीस देऊन मुलीच्या वडिलांच्या मैत्रिणीचे नाव घेतले. ती अठरा वर्षांची. तिला भर कोर्टात उभे राहून ‘मी नाही केले’ म्हणावे लागले. ज्युरीने त्याला दोषी ठरवले, आणि शिक्षेच्या वेळी उघड झाले की त्याने नंतर गुन्हा कबूलही केला होता. त्या पोरीचे नाव जगभर छापून आले ते आलेच. नोटीस तिला यातून वाचवू शकली नाही.

आणखी एक. अशी नोटीस दिली म्हणजे आता सिद्ध करणे आरोपीच्या गळ्यात, असे पुष्कळांना वाटते. 1973 च्या लॅम्बी खटल्यात तिथल्या न्यायालयाने हे स्पष्ट केले की, मनोविकाराचा बचाव सोडला तर नोटिशीचा हेतू सरकार पक्षाला आगाऊ कळवणे एवढाच. ज्युरीच्या मनात रास्त शंका आली तरी आरोपी सुटतो. आपल्याकडे उलट आहे. स्वसंरक्षणाचा अपवाद दाखवण्याचा भार पुरावा कायद्याच्या जुन्या कलम 105 ने आरोपीवर टाकला, नव्या कायद्यातही 108 मध्ये तो तसाच आहे. पण त्यासाठी आधी सांगण्याचे बंधन नाही. म्हणजे ओझे द्यायचे आणि तारीख मागायची नाही. माझ्या मते आपल्याकडे निदान खापर फोडण्यापुरती तरी अशी नोटीस हवी. आमचे वकील मित्र यावर माझ्याशी भांडतील, भांडू देत.

तुमच्या बातमीदाराला एवढेच सांगा, त्या खटल्यातली नोटीस कोणत्या तारखेची आहे ते बघा. आणि जमलेच तर चौकटीतला ‘ऐनवेळी’ पुढच्या अंकात दुरुस्त करा.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा