गुलाबाची छाटणी तारखेवर नको, पावसावर ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर लागला की अनेक सार्वजनिक उद्यानांत गुलाबाचे वाफे मेंदीचे कुंपण कापायच्या लांब कात्रीने एका उंचीत भादरले जातात. कंत्राटात नुसते ‘छाटणी’ असे लिहिलेले असते आणि महिना संपायच्या आत ते काम झालेले दाखवायचे असते. जानेवारीत तिथे शेंड्याकडून काळ्या पडलेल्या काड्या आणि बोराएवढ्या कळ्या दिसतात, तेव्हा दोष मातीला किंवा खताला दिला जातो. बहुतेक वेळा तो छाटणीचा असतो.

पुणे परिसरातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो. परतीचा पाऊस लांबला, तर छाटणीही लांबवावी. ताज्या कापावर पाणी पडले की काडीच्या उघड्या गाभ्यातून बुरशी आत शिरते आणि खाली उतरत जाते. हीच शेंडेमर. शिवाय ओल्या हवेत निघालेले कोवळे फुटवे काळ्या ठिपक्यांच्या रोगाला लगेच बळी पडतात. चार-पाच दिवस स्वच्छ ऊन पडल्यावर छाटणी करावी. छाटणीपासून पहिल्या बहराला साधारण 45 ते 50 दिवस लागतात, म्हणजे 15 ऑक्टोबरला छाटलेले झाड डिसेंबरच्या सुरुवातीला फुलते. मावळातले हरितगृहवाले 14 फेब्रुवारीच्या बाजारासाठी डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास कामाला लागतात, तेही याच हिशेबाने. छाटणी नोव्हेंबरअखेर गेली तर थंडीत फुटवे रेंगाळतात आणि उन्हाळ्यापूर्वीचा एक बहर हातचा जातो.

आता कापाविषयी. हायब्रिड टी (लांब दांड्यावर एकेक मोठे फूल देणाऱ्या) जातीच्या झाडावर चार-पाच जोमदार काड्या ठेवाव्यात, जमिनीपासून दीड ते दोन फूट. वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या मुळाशी काढाव्यात. फ्लोरिबंडाची (झुपक्याने फुलणाऱ्या गुलाबाची) एक तृतीयांश उंची कमी केली तरी पुरे. वेली गुलाबाच्या मुख्य फांद्यांना हात लावू नये. फक्त बाजूच्या फांद्या तीन-चार डोळ्यांवर (फुटवा निघतो त्या अंकुरांवर) आणाव्यात. प्रत्येक काप बाहेरच्या अंगाला पाहणाऱ्या डोळ्याच्या वर 5-6 मिलिमीटरवर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता हवा. कुंपणाची कात्री हे पाहू शकत नाही. ती दोन डोळ्यांच्या मधेच कापते, काडी चेचते आणि वरचा उरलेला खुंटा वाळत खाली येतो. गाभा तपकिरी दिसला तर पांढरा लागेपर्यंत आणखी खाली कापावे. सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री) धारदार हवा आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना त्याची पाती स्पिरिटने पुसावीत.

कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावावी. घरच्या बागेसाठी 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे तयार करून मग एकत्र करावे. लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. पेस्ट उद्यासाठी ठेवू नये.

छाटणीआधी मुळे उघडी करून पंधरा दिवस पाणी तोडण्याची जुनी पद्धत अजूनही सांगितली जाते. भारी काळ्या जमिनीतल्या जुन्या झाडांना ती सोसते, पण कुंडीतल्या झाडाला मारते. तिथे मातीचा वरचा दोन इंच थर मोकळा करून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळणे एवढेच करावे. रासायनिक खत फुटवे बोटभर झाल्यावर, त्याआधी नाही. पाने नसलेल्या झाडाला ते घेता येत नाही.

याच वेळी डोळा भरलेल्या गाठीखालून (रानगुलाबाच्या खुंटावर कलम बांधले त्या जागेखालून) आलेले रानफुटवेही पाहावेत. एका पानात सात पर्णिका (छोटी पाने) असलेला तो रानटी, पाच असलेला तो कलमी, ही ओळख भरवशाची नाही; अनेक कलमी जातींनाही सात पर्णिका असतात. माती बाजूला करून फुटवा कुठून निघाला तेच पाहावे आणि तो न कापता मुळापासून ओढून काढावा. कापलेला पुन्हा जोराने फुटतो, आणि दोन वर्षांत कलम मरून वाफ्यात नुसता रानगुलाब उरतो.

उद्यान विभागांना आमची विनंती आहे की कंत्राटात ‘गुलाब छाटणी’ ही कुंपण छाटणीपासून वेगळी बाब म्हणून लिहावी. त्यात सिकेटर आणि बोर्डो पेस्टची सक्ती असावी, आणि मुदत पाऊस थांबल्यापासून तीन आठवड्यांची असावी. आपल्या बागकामाच्या सदरातही सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच तारीख न देता कोकण, घाट आणि मराठवाडा यांसाठी वेगळी वेळ छापावी.

— पुण्यातील काही गुलाब बागायतदार