बातम्या लावल्या म्हणजे शिकवल्या? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार. इंदूरच्या आमच्या शाळांत नववी ते बारावीच्या मुलांना रोज टीव्हीवर थेट बातम्या दाखवा आणि दाखवत असल्याचा फोटो पाठवा, असा आदेश परवा हाती पडला. गेल्या सत्रात कबूल केलेले रेकॉर्डिंगचे सेट-टॉप बॉक्स मात्र आले नाहीत. आदेश तरी वेळेवर येतात, हे काय कमी आहे!

तासिका 40 मिनिटांची. हजेरी आणि टीव्ही सुरू करण्यात आठ-दहा जातात. नियमानेच तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात, म्हणजे अर्ध्या तासात सहा. उरलेल्या वेळात चौघे एकमेकांवर ओरडतात. शिकवायचे कधी?

बातमी शिकवायची तर ती थांबवता आली पाहिजे. आदल्या संध्याकाळी चार मिनिटांचा तुकडा पेनड्राइव्हवर घ्यायचा. आधी आवाज बंद करून दाखवायचा आणि काय दिसले ते मुलांकडून लिहून घ्यायचे. मग आवाजासकट. तिसऱ्यांदा अडवत अडवत: हे कोण सांगतंय, त्याला कुठून कळलं, दृश्य आजचं की जुनं, कोणाला विचारलंच नाही? मग तीच बातमी सह्याद्रीवर मराठीतून (इंदूरच्या मराठी घरांतली मुले इथे हटकून पुढे असतात) आणि दुसऱ्या दिवशीच्या हिंदी पेपरात. थेट प्रक्षेपणात यातले काही होत नाही. शिवाय पुढच्या क्षणी दंगल दिसेल की प्रेत, हे शिक्षकालाही ठाऊक नसते.

आता पडदा. 32 इंची टीव्हीची उंची जेमतेम 40 सेंटीमीटर. बारीक अक्षरे वाचायला त्याच्या सहापट अंतराच्या आत, म्हणजे अडीच मीटरमध्ये बसावे लागते. तिसऱ्या बाकामागे खालची पट्टी नुसती पळताना दिसते. स्पीकरचे तोंड भिंतीकडे, त्यामुळे पंखा लावला की निवेदक मुका. पंखा बंद ठेवून बघा एकदा, एप्रिलात!

1975-76 मध्ये 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या 2400 गावांत उपग्रहावरून टीव्ही पोचला, त्यात मध्यप्रदेशही होता. तेव्हा शाळेच्या मुलांसाठी वेगळे कार्यक्रम तयार केले होते. आता चॅनेल लावा, फोटो काढा, संपले. मतदारयाद्या आम्हीच, सर्वेक्षण आम्हीच, पोर्टलवरची माहिती आम्हीच. त्यातून वेळ उरला तर शिक्षक. आणि निकाल घसरला की नोटीसही आम्हालाच!

प्रत्येक शाळेला एक रेकॉर्डिंगचा बॉक्स, एक पेनड्राइव्ह, एक बाहेरचा स्पीकर द्या. रोजच्याऐवजी आठवड्याला दोन तासिका ठेवा. आणि फोटोची सक्ती या आठवड्यातच मागे घ्या.

आपले,
इंदूरच्या शाळांतले काही मराठी शिक्षक