सरांची ट्रंक

पुणे

प्रिय दिन्या,

काल सरांच्या पुतण्याने ट्रंक आणून दिली. 'आता लिहा मोकळेपणाने' म्हणाला. वर रोजनिशा. त्यांत सर कुठेच नाहीत : 'निळा उतरवला. पाऊस.' दुसऱ्या पानावर, 'गेरू फार झाला.' वर्षानुवर्षं एवढंच! आणि तळाशी 'केसरी'त गुंडाळलेला पत्रांचा गठ्ठा. अक्षर कोणाचं, ते तुला सांगायला नको.

वरची एक-दोन वाचली आणि बांधून ठेवला. ऐन भरात सरांनी ब्रश का खाली ठेवला, ते त्यात आहे. टिळक रोडच्या टपरीवर किती भांडलो आपण त्यावरून! तू म्हणायचास पाठदुखी, मी म्हणायचो गॅलरीवाला. दोन्ही नाही. पैज कोणीच जिंकलं नाही, तेव्हा मस्तानीचे पैसे परत कर.

वासुदेव गायतोंडेही लोकांपासून लांबच राहिले. पण १९८४च्या अपघातानंतर त्यांचे कॅनव्हास काही वर्षं थांबले, हे जगजाहीर आहे. चरित्र लिहिणाऱ्याला तेवढा तरी आधार. सरांची एक मुलाखत नाही. कॅटलॉगात नाव, साल, माप, संपलं. ती वर्षं मोकळी सोडली तर लोक दारूच्या त्याच वावड्या भरतील तिथे. परवा एका उद्घाटनाला कानावर आल्या, जेवण गेलं नाही मला.

पुतण्याला वाटतं, ट्रंक आमची म्हणजे पत्रंही आमची. कागद त्याचे, पण मजकुराचा हक्क लिहिणारीचा. ती गेल्यावर तिच्या वारसांचा. म्हणजे छापायचं तर तिच्या मुलीला विचारायला हवं. आणि तिला यातलं काहीच माहीत नसेल तर? विचारणं म्हणजेच सांगणं झालं की रे! पत्रातली ओळ न छापता नुसती हकीकत लिहिली, तर कदाचित कायदा अडवणार नाही. पण तिची आई पुस्तकात येणारच.

सर नको असलेली रेखाटनं सरळ बंबात घालायचे, आठवतं? तू एक ओढून काढलंस आणि केवढे संतापले होते! त्या माणसाने हा गठ्ठा मात्र जपला. पुतण्या म्हणतो, म्हणजे त्यांना हे बाहेर यायला हवं होतं. मला ते पटत नाही. माणूस स्वतःसाठीही जपतो. पण सरांची बदनामी चालू राहू द्यायची, हेही सोसवत नाही.

तू त्या घरी डबा न्यायचास. मुलगी तुला अजून काका म्हणते. तिला कितपत ठाऊक आहे, याचा अंदाज तुलाच येईल. गठ्ठ्याचं नाव काढू नकोस, नुसता भेटून ये. तुझं उत्तर येईपर्यंत ते प्रकरण मी लिहायला घेत नाही. पुतण्याला काय सांगायचं ते मी बघतो.

माझा गुडघा आहे तसाच. चिमीचं लग्न ठरलं, फार बरं वाटलं, तारीख कळव. वहिनींचा मोतीबिंदू झाला ना? त्यांना नमस्कार.

तुझा,
बाळ्या