पोलीस पाटलांची नोंद कोण ठेवणार?

महोदय,

माओवाद्यांनी पळवून नेलेले झारखंडचे पोलीस निरीक्षक फ्रान्सिस इंदुवार यांचा मृतदेह ६ ऑक्टोबर २००९ रोजी सापडला. दोनच दिवसांनी आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि वाहनचालक गेला. या तारखा निदान वर्तमानपत्रांत येतात. पोलीस पाटलाच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

गावचाच माणूस, तुटपुंजे मानधन, हाती ना बंदूक ना अंगावर गणवेश. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याने गावातली खबर ठाण्याला देण्याचे काम त्याच्यावर टाकले; नक्षल्यांना त्याला खबऱ्या ठरवायला तेवढे पुरले. रात्री घरातून उचलायचे, मारायचे आणि प्रेताजवळ पत्रक टाकायचे, हे या जिल्ह्याने अनेकदा पाहिले. लढाई म्हणे आदिवासींसाठी, आणि मरणारा बहुधा आदिवासीच!

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, हे चांगलेच झाले. शरण येणाऱ्यांचे पुनर्वसन होते, होवो बापडे. पण मारल्या गेलेल्या पोलीस पाटलांची गावनिहाय यादीही प्रशासनाने प्रसिद्ध करावी. त्यांच्या वारसांची मदतीची, नोकरीची रखडलेली प्रकरणे तालुक्यातच शिबिर घेऊन निकाली काढावीत. भामरागडच्या म्हातारीला एका सहीसाठी गडचिरोलीचे हेलपाटे घालायला लावू नयेत.

– एक वाचक, चामोर्शी (जि. गडचिरोली)