24 तासांची मेख

महोदय,

विमानात जागा नाकारल्यास 20,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. मराठवाड्यातल्या प्रवाशाच्या हातात हे 20,000 सहसा पडत नाहीत. ते का, हे बातमीत आलेले नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) 2016 पासूनचा नियम असा: कन्फर्म तिकीट घेऊन वेळेवर पोचलेल्या प्रवाशाला जागा नाकारली आणि मूळ वेळेनंतर तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवले, तर भरपाई नाही. 24 तासांच्या आत बसवले तर एकेरी मूळ भाडे व इंधन शुल्काच्या दुप्पट, पण कमाल 10,000. त्यापुढे गेले तर चौपट, कमाल 20,000. मुंबईहून दिल्लीला दिवसभर विमाने आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर गाठ पडते ती अनेकदा दुसऱ्या दिवशीच्या विमानाशी. तेच विमान, तीच वेळ. प्रवाशाचा अख्खा दिवस जातो आणि कंपनी 24 तासांच्या आतच राहते.

माझे थोरले मेहुणे दिल्लीत वारले तेव्हा आम्ही परभणीहून रातोरात गाडी करून चिकलठाण्याला पोचलो. ऐनवेळची महागडी तिकिटे, पण कन्फर्म. काउंटरवर उत्तर मिळाले, विमान भरले आहे, उद्या या. पत्नीने हात जोडून सांगितले, माझा भाऊ गेला आहे. कोणी स्वखुशीने थांबायला तयार आहे का, हे कंपनीने आधी विचारायचे असते. तिथे कोणीही विचारले नाही. रांगेत कामानिमित्त निघालेली तरुण मुले होती, विचारले असते तर दोघे नक्की थांबले असते. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तोवर अंत्यसंस्कार होऊन गेले होते. भरपाईचे तर काउंटरवर कोणी नावही काढले नाही. मेलवर मेल पाठवल्यावर ती मिळाली, अर्थात खालच्या टप्प्याची. पत्नीला भावाचे तोंड दिसले नाही ते नाहीच.

काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत म्हणून जादा तिकिटे विकतो, असे कंपन्या म्हणतात. न आलेल्याच्या तिकिटाचे बहुतेक पैसे त्या कापूनच घेतात, मग तीच जागा दुसऱ्यांदा विकायची कशाला? सचखंड एक्सप्रेसला जागा नसली तर तिकिटावर वेटिंग छापलेले असते. माणूस काय ते ठरवून घरातून निघतो.

ज्या विमानतळावरून त्याच दिवशी दुसरे विमान नाही, तिथे हा 24 तासांचा टप्पा काढून थेट चौपट भरपाई द्यावी. 10,000 आणि 20,000 च्या मर्यादाही इतक्या वर्षांत वाढवायला हव्या होत्या.

आणखी एक. विमान कंपन्यांच्या जाहिराती आपण पानभर छापता आणि ही बातमी आतल्या पानावर तळाशी होती. नियमाचा तक्ता पहिल्या पानावर, चौकटीत, सोप्या मराठीत छापा. लोक तो कापून सोबत ठेवतील आणि काउंटरवर दाखवतील.

– एक वाचक, परभणी