जागा बघायला जाशील तेव्हा

परभणी

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

आम्हा दोघांसाठी तू पाठवलेली ज्येष्ठ निवासांची दोन्ही माहितीपत्रकं बाबांनी आणि मी वाचली. बाग, देऊळ, योगवर्ग सगळं छान आहे. पण अशा जागेची परीक्षा बागेत होत नाही. अंघोळ, कपडे, संडास, लघवीवरचा ताबा, अंथरुणातून उठणं, जेवण यातलं एकेक आपलं आपल्याला जमेनासं झालं की तिथली माणसं काय करतात, ते विचार.

कुठं फक्त स्वतंत्र घर आणि मदतनीस एवढंच असतं. कुठं पुढं नर्सिंगची सोय आणि विस्मरणाच्या रुग्णांसाठी वेगळा विभागही असतो. पत्रकात मात्र दोन्हीकडं 'आयुष्यभराची सोबत'. खरं काय ते करारनाम्यात कळतं. 'वैद्यकीय गरज वाढल्यास रहिवाशास अन्यत्र हलवावे लागेल' असं कलम दिसलं, तर सोबत तिथंच संपली म्हणून समज.

एका विभागातून दुसऱ्यात हलवायचं कुणी ठरवायचं, यावर तर अडूनच बस. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली की रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, उतरतं आणि काल नीट बोलणारा माणूस आज भलतंच बरळतो. लघवीत संसर्ग झाला, झोपेची गोळी नवी सुरू झाली, चार दिवस पोट साफ झालं नाही, तरी तसंच होतं. बघणाऱ्याला वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. विस्मरणाचा आजार सहसा महिन्या-वर्षांनी सरकत येतो. हे अचानकचं बरळणं काही तासांत, फार तर दोन दिवसांत येतं, सकाळी बरं तर संध्याकाळी जास्त, आणि कारण सापडलं तर बहुतेकदा उतरतं. तेव्हा हलवण्याआधी सोडियम, साखर, लघवी तपासायची, डॉक्टरांनी गोळ्यांची यादी बघायची आणि तुला फोन करायचा, हे लेखी घे. पुढच्या विभागाचा दर जास्त असतो. एकदा हलवलेलं माणूस परत आणायची घाई कुणालाच नसते.

दराचंही तसंच. आजच्या खोलीचा दर सांगतील, तू प्रत्येक विभागाचा आणि दरवर्षीच्या वाढीचा माग. डायपर, हातमोजे, रात्रीची आया वेगळी लावतात का? माणूस दवाखान्यात असताना खोली किती दिवस राखतात आणि त्या दिवसांचं जेवण कापतात का? आम्हा दोघांपैकी एकालाच नर्सिंग लागलं तर दुसऱ्याचं काय? ठेव किती दिवसांत परत, कशाकशाची कपात करून? आयुष्मान कार्डावर ७० वर्षांपुढच्यांना ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. इथल्या दरमहाच्या खर्चाला त्याचा उपयोग नाही.

बघायला रात्री नऊनंतर जा. दिवसा सगळीकडं माणसं असतात. नर्सिंग विभागात रात्री किती जण, ते मोज. बेल दाबायला सांग आणि घड्याळ बघ. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दोन-दोन तासांनी बदलावी लागते, त्याची नोंदवही माग. सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच हातानं ओळीनं भरलेल्या असतील तर ती वही सकाळी बसून लिहिलेली आहे. टाच आणि माकडहाड रोज बघतात का, तेही विचार. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडलं आणि लाली पांढरी पडलीच नाही, तर ती पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात.

अशा जखमा टाळायला वापरतात ती हवेची गादी विजेवर चालते. लाइट गेली की पंप बंद, हळूहळू गादी बसते आणि हाडं खाली टेकतात. इन्व्हर्टर खोल्यांना आहे की नुसता व्हरांड्याला, हे बघ. पाणी बोअरचं की टँकरचं, उन्हाळ्यात अंघोळ रोज की दिवसाआड, हे स्वयंपाकघरातल्या बायांना विचार, ऑफिसात नको.

टेप घेऊन जा. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात दार किमान ९०० मिलिमीटर रुंद आणि बिनउंबऱ्याचं हवं असं आहे. न्हाणीचं दार आवर्जून मोज, बहुतेक तेच अरुंद निघतं. उतार फूटभर उंचीला बारा फूट लांब हवा. त्याहून उभा असला तर चाकाची खुर्ची ढकलणाराच घसरतो.

घर विकायचं आत्ता काढू नकोस. आधी महिनाभर भाड्यानं राहू देतात का बघ, तेही मे महिन्यात. कराराचा कोरा मसुदा पाठव, बाबा पेन्सिल घेऊन बसतील.

तुझी,
आई