‘अंड्याऐवजी एक वाटी दही’ : पण कुठली वाटी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुरवणीत केकची कृती आली की शेवटी एक ओळ हमखास असते : ‘अंडी चालत नसतील तर एक वाटी दही घालावे.’ त्या ओळीवर विसंबून गेल्या महिन्यात माझ्या नातीच्या वाढदिवसाचा केक वाया गेला, म्हणून हे पत्र.

भाच्याने अमेरिकेहून केकच्या तयार मिश्रणाचं खोकं आणलं होतं. मागे लिहिलेलं : तीन अंडी, अर्धा कप तेल, एक कप पाणी. आमच्याकडे सासूबाईंना अंडं चालत नाही आणि यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून तेल मोजून वापरतो. मी अंड्यांच्या जागी वाटीभर दही घातलं, तेलाच्या जागी दोन मोठी केळी कुस्करून घातली, पाणी मात्र खोक्यावर होतं तेवढंच. ओव्हनमध्ये केक छान फुगला, वरून तांबूसही झाला. बाहेर काढला आणि पाच मिनिटांत मधोमध खाली बसला. सुरी घातली तर कडा चिवट आणि आत पिठल्यासारखा थर, सुरीला लिंपून येणारा. व्हॅनिलाचा वास कुठेच नाही, सगळं केळंच. पाच वर्षांची पोर मेणबत्त्यांचं पाकीट हातात धरून ओट्याशी उभी होती. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. दुसऱ्या दिवशी वजनकाटा काढला. टरफलाशिवाय अंडं भरतं साधारण ५० ग्रॅम, म्हणजे तिन्ही मिळून दीडशे. त्यात पाऊण हिस्सा पाणीच. उरलेल्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात आणि फुगलेल्या केकला तोलून धरतात. दही ओलावा देतं, त्याच्या आंबटपणाने सोडाही उसळतो, पण तोलून धरणं दह्याला जमत नाही. आमची आमटीची वाटी भरून दही झालं २१० ग्रॅम, वर केळ्यांचं पाणी. केक बसणारच होता. तेलाचं काम वेगळं. ते मैद्याच्या कणांना लपेटतं आणि चिवटपणा वाढू देत नाही. ते सगळंच काढलं, म्हणून कडा तशा झाल्या.

मग तशाच दुसऱ्या खोक्यावर जे जमलं ते असं. दोन अंड्यांसाठी १२० ग्रॅम घट्ट दही. तिसऱ्यासाठी एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. ती बुळबुळीत झाली की मिश्रण बांधून ठेवते. जवस आपल्या चटणीतलाच, भाजलेला मात्र घेऊ नये, चव उतरते. तेल निम्मं ठेवलं, ६० मिली, आणि उरलेल्याच्या जागी ६० ग्रॅम सफरचंदाचा शिजवून गाळलेला गर, साखर न घालता. पाणी २४० मिलीवरून २०० वर आणलं. (अमेरिकेतला कप साधारण २४० मिलीचा असतो, आमचा चहाचा १४० चा.) एका मोठ्या भांड्याऐवजी दोन लहान भांड्यांत ओतलं, म्हणजे मध्यभाग कच्चा राहत नाही. १७५ अंशांवर भाजून, विणायची सुई घालून कोरडी आली तेव्हाच काढलं. सासूबाईंनी दोन तुकडे घेतले.

तेल कमी केलं म्हणजे केक पथ्याचा झाला, असं मात्र कोणी समजू नये. आमच्या खोक्यावर घटकांच्या यादीत साखर पहिली आहे, आणि ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते.

आणखी एक. आपल्याकडच्या दुकानांतही असं खोकं मिळतं की पुढे हिरवा ठिपका आणि मागच्या कृतीत अंडी. ठिपका आतल्या पुडीपुरता असतो, त्यामुळे नियमाने ते बरोबर असेल. पण माझ्या शेजारणीने ठिपका पाहून आणलेलं खोकं घरी आल्यावर तसंच पडून राहिलं. अंड्याविना खास केलेल्या मिश्रणांत अंड्यांची भरपाई पुडीतच केलेली असते. अंडी मागणाऱ्या खोक्यावर ती आपल्याला करावी लागते. उत्पादकांनी तिथेच अंड्याविना करायची कृती मापांसह छापावी. चार ओळींची जागा लागेल.

आणि आपल्याला विनंती, पुरवणीत पर्याय सुचवताना किती अंड्यांसाठी, किती ग्रॅम, पाणी किती कमी करायचं आणि भांडं केवढं, हे सगळं द्यावं, तेही कोणीतरी घरी करून पाहिल्यावरच. ‘वाटी’ हा शब्द पोह्यांना चालतो, केकला चालत नाही. माझ्या वहीतली मापं हवी असल्यास पाठवीन. कोणी या मापाने केला आणि बिघडला, तर नेमकं काय बिघडलं ते आपल्यामार्फत जरूर कळवावं.

आपली,
एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे ३०